गणपतीमागची पेटी

खरं सांगायचं तर हे लिहिणार नव्हतो. तीनदा फाइल उघडली, तीनदा काही न लिहिता बंद केली. कारण या गोष्टीतला मितेश पहिल्यापासून चिडलेला आहे, आणि चिडलेल्या माणसाची गोष्ट टाइप करायला बसलं की आपलीही बोटं कीबोर्डवर आपटायला लागतात. असो. आपटू देत.

२००६ची चवथ. आदल्या दिवशी मितेश कणकवलीला गेला होता, एका कीबोर्डसाठी. साधा नाही, जाड गोल पिनेचा, जुना. नवे कीबोर्ड त्याच्या मशीनला बसतच नव्हते. दुरुस्तीच्या दुकानातल्या महादूनं माळ्यावरून असा एक काढून ठेवला होता. पण मुंबईकरांच्या गाड्यांनी हायवे तुंबला, शेवटची एसटी चुकली, आणि मितेशला मावशीकडे राहावं लागलं. दुसऱ्या दिवशी मालवणात पोचेपर्यंत घरात गणपती बसला होता. आरतीसुद्धा झाली होती.

तो आधी पडवीत गेला. काखेत कीबोर्ड, तोंडावर हसू. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवरचं गोणपाट त्यानं उचललं आणि हसू तिथंच संपलं.

डब्याची एक बाजू उघडी होती. वरच्या कोपऱ्यात, जिथं वीजपुरवठ्याची पेटी असायची, तिथं नुसतं भोक. उपटलेल्या दाढेच्या जागी असतं तसं.

नाना माजघरात माटवीची, म्हणजे देवावर टांगलेल्या लाकडी चौकटीची, कवंडळं सारखी करत होते, ती लाल रानफळं. नाना म्हणजे मितेशचे थोरले काका. होडीवरचा माणूस, पण चवथ आली की दर वर्षी गणपतीमागची सजावट त्यांचीच. त्यात कोणी बोट घालायचं नाही.

"नाना, माझी पेटी खंय?"

"खंयची पेटी?"

"कॉम्प्युटरातली. पंखो आसलेली. भायर तारा इलेली."

"ती होय! ती देवाच्या पाठी आसा. चक्र बघ कसा फिरता!"

मितेशनं पाहिलं. गणपतीच्या डोक्यामागं थर्माकोलचं सोनेरी चक्र, कडेनं लाल-निळे दिवे. फिरत होतं खरं. धापा टाकत.

"कोणाक इचारून काढलात?"

"कोणाक इचारू? तू कणकवलेक जावन बसललंस. होडयेची बॅटरी दोन तासांत बसता. ह्या पेटयेक बटण आसा, दाबला की चालू. आणि तुझो तो डबो दीड वर्षा पडवेत पडान आसा. कोंबडी पण त्येच्यात अंडा घालीत नाय."

"माका ती आत्ताच्या आत्ता व्हयी."

"आता?" नानांनी कवंडळ खाली ठेवलं. "मेल्या, देव बसलो मरे. आता अकरा दिवस पाठचो खिळो पण हलवूचो नाय."

"अ‍ॅलन शुक्रवारी जाता, नाना!"

"मगे जाव दे. देवान धरून ठेवलो काय त्येका?"

मितेशच्या तोंडून जे निघालं ते देवासमोर बोलायचं नव्हतं. आतून आई ओरडली, "शिरा पडो तुझ्या तोंडार, आज चवथ मरे!" मुंबईहून आलेले पाहुणे माना वळवून बघायला लागले. मितेशनं कीबोर्ड पडवीत ठेवला, म्हणजे जवळजवळ फेकलाच, आणि न जेवता बाहेर पडला. केळीच्या पानावर मोदक वाढलेले तसेच राहिले.

आता एवढं काय होतं त्या मशीनमध्ये, ते सांगतो.

मितेश आणि अ‍ॅलन शाळेत होते तेव्हा बाजारात एक कॉम्प्युटर क्लास निघाला होता. सर जेवायला गेले की हे दोघं एक गेम लावायचे. काळ्या पडद्यावर समुद्र, त्यात बेटं, आणि एक हेलिकॉप्टर. एकाच कीबोर्डवर दोघांनी खेळायचं. उजवीकडच्या बाणांनी अ‍ॅलन हेलिकॉप्टर उडवणार, डावीकडच्या कळांनी मितेश तोफा मारणार. सातव्या बेटापर्यंत ते पोचायचे आणि तिथं मरायचे. दर वेळी तिथंच. मग एक दिवस क्लासला कुलूप लागलं, आणि सातवं बेट तसंच राहिलं.

काही वर्षांनी त्याच क्लासची मशीनं भंगारवाल्याच्या अंगणात पावसात पडलेली दिसली. दोघांनी त्यातलं एक सायकलच्या कॅरिअरवर बांधून आणलं.

खारा वारा काय करतो ते समुद्रकाठच्या माणसाला सांगायला नको. पितळेचा देव हिरवा करतो, तो पत्र्याच्या डब्याला सोडतोय! मेमरीच्या पट्ट्यांवर हिरवा थर. त्या खोडरबरनं घासल्या. मुख्य बोर्डवरची छोटी बॅटरी फुटून तिचं पाणी तांब्याच्या रेषा खात सुटलं होतं. मितेशनं कुठंतरी वाचलं होतं की हे आंबट पाण्यानं मरतं. अ‍ॅलनच्या आईकडे, अ‍ॅनी मावशीकडे, माडाच्या सुरेची विनाग्र, म्हणजे व्हिनेगर, असायची, लोणच्यात आणि मटणात घालायची. तीच टूथब्रशनं लावली. तेव्हापासून मशीन गरम झालं की लोणच्याचा वास सुटायचा. साउंड कार्ड अ‍ॅलनच्या म्हापशाच्या चुलतभावाकडून आलं, ते आठ महिने मुकं होतं. शेवटी कळलं की ते आणि प्रिंटरची जागा एकाच नंबरावर भांडतायत. कार्डावरची एक टिकली काढून दुसऱ्या पिनांवर घातली आणि डबा बोलायला लागला. हे सगळं शिकवायला कोणी नव्हतं. चुकायचं, शिव्या घालायच्या, परत उघडायचं.

फक्त कीबोर्ड राहिला होता. आणि कीबोर्ड आला त्या दिवशी पेटी गेली.

आणि ती पेटी म्हणजे आता कुठंही मिळते तसली नव्हे. नव्या पेट्यांना एक रुंद प्लग असतो, हिला दोन अरुंद. दोन्हींच्या काळ्या तारा मधोमध एकमेकींना चिकटून बसल्या पाहिजेत. उलटं लावलं तर बोर्ड जळतो. तसली पेटी महादूकडेही दुसरी नव्हती, आणि असती तरी काय? चवथीला अख्ख्या कोकणाची शटरं खाली.

तर मितेश अ‍ॅलनकडे गेला. अ‍ॅलन व्हरांड्यात मोठ्या बॅगेत कपडे कोंबत होता. क्रूझच्या बोटीवर नोकरी लागली होती, स्वयंपाकघरात. ऐकून तो हसायला लागला.

"गणपतीच्या पाठी? खरा?"

"हसतंस काय रे?"

"मगे काय रडू? आमच्या डब्याचो पंखो देवाक वारो घालता, बरा आसा मरे."

मितेशनं बॅगेला लाथ मारली. बॅग आडवी झाली, शर्ट बाहेर आले.

"तू बोलू नको! माका तुझ्या आवशीकडसून कळला. विनाग्र आणूक गेलंय तर म्हणता, शेवटची बाटली रे, अ‍ॅलन बोटीर गेल्यार तू एकटो काय काय घासतलंस? माका वाटला मस्करी करता. तुका तोंड नाय होता?"

अ‍ॅलन शर्ट गोळा करत राहिला. मग म्हणाला, "सांगलेला आसता तर तू काम थयच टाकलेला आसतंस. माका म्हायत नाय तुझो राग?"

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणून मितेश जास्तच भडकला. "जा खंय जातंस थय," म्हणाला आणि निघाला.

पुढचे दिवस त्यानं घरात कोणाशी धड बोलणं ठेवलं नाही. आरतीला झांज त्याच्याकडे असायची, ती त्यानं घेतली नाही. एका कोपऱ्यात उभा राहून चक्राकडे बघत राहायचा. चक्र आता आरतीच्या मध्येच थांबायला लागलं होतं. नाना गाताना हळूच मागं सरकायचे आणि माडाच्या हिराच्या काडीनं ढोसायचे. चक्र दोन फेरे घ्यायचं, परत उभं. दिवेही मलूल. नानांनी मोटर उघडून तेल घातलं, तारा बदलल्या, लोकांदेखत विजेला शिव्या दिल्या.

का थांबतंय ते मितेशला पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्या पेटीच्या पाच व्होल्टच्या तारांवर ओझं लागतं. कॉम्प्युटर जोडलेला असला की ते आपोआप असतं. नाना नुसत्या बारा व्होल्टच्या तारा वापरत होते, म्हणून त्या लंगड्या पडत होत्या. दोन वाक्यांचं काम. पण तो बोलला नाही. ढोसूंदेत काडीनं, म्हटलं.

गुरुवारी दुपारी अ‍ॅलन आला. दर चवथीला यायचा तसा, केळ्यांची फणी घेऊन. जेवणं उरकली होती, पाहुणे चटयांवर आडवे झाले होते. त्यानं हात जोडले, आईनं हातावर पंचखाद्य ठेवलं, आणि ते खात खात तो मान वाकडी करून मखराच्या मागं बघायला लागला.

"मितेश."

मितेश खांबाला टेकून बसला होता. हलला नाही.

"अरे, हय ये. ते दोन प्लग मोकळे लोंबतत."

"मगे?"

"पेटी हलवूची नाय, बरोबर? डबो देवाकडे इलो तर कोण नको म्हणता?"

मितेशच्या डोक्यात पहिल्यांदा काय आलं असेल? आनंद नव्हे. संताप. चार दिवस आपण इथं उभं राहून भोक पडेस्तोवर त्या चक्राकडे बघतोय आणि हे आपल्याला का सुचलं नाही!

नाना पायरीवर विडी ओढत होते. मितेश त्यांच्यासमोर उभा राहिला.

"नाना, चक्र चालू करून देतंय. पण माझो डबो त्येच पेटयेक जोडूचो."

"थांबला चक्र तर?"

"थांबूचा नाय. आता फिरता त्येच्यापेक्षा जोरात फिरतला."

"आणि सांजचे भजनाक बुवा येतले ते काय म्हणतले? देवाच्या बाजूक टीवी लावलास म्हणान?"

अ‍ॅलन मागून म्हणाला, "नाना, पडद्याआड ठेवतंय. बुवा येवच्या आधी काढतंय. आणि उद्या मी चललंय."

नानांनी विडी विझवली. "तू सांगतंस म्हणान हां, अ‍ॅलन."

माझं घर, माझी पेटी, आणि परवानगी याला! मितेश दात चावत पडवीत गेला.

डबा पाटावर ठेवला, मॉनिटर पालथ्या तांदळाच्या डब्यावर. नानांनी स्वतः बटण बंद केलं, देवाला हात जोडले, आणि बोटभर अंतरावर उभे राहिले, कोणी मखराला धक्का लावू नये म्हणून. मितेशनं दोन प्लग घेतले. काळ्या तारा काळ्यांशेजारी. परत बघितलं. अ‍ॅलननंही बघितलं.

"लावा," मितेश म्हणाला.

दिवे भकन पेटले. चक्र गरगरलं, असं की माटवीला टांगलेली कवंडळं हलायला लागली.

"आरे देवा! उडतला आता!" नाना ओरडले. चटईवरचे दोघंतिघं उठून बसले.

पण पडदा काळा. आवाज नाही, काही नाही. नानांचं चक्र जोरात आणि मितेशचं मशीन मेलेलं. डबा उचलून विहिरीत टाकावा असं वाटलं, खरंच वाटलं.

"तुझो राग मगे काढ," अ‍ॅलन शांतपणे म्हणाला. "आधी मेमरी बघ. आणताना तू डबो आपटलंस उंबऱ्याक."

नानांनी परत बटण बंद केलं. मेमरीची एक पट्टी एका बाजूनं वर आली होती. अंगठ्यानं दाबली. टक. परत चालू.

आकडे मोजत वर चढायला लागले. एक बारीक बीप. आणि मग लोणच्याचा वास.

मितेश उजव्या बाजूला सरकून अ‍ॅलनला जागा करून देत होता, तर अ‍ॅलन म्हणाला, "ती माझी बाजू, मेल्या. तोफा डावीकडे."

खेळले. पहिली बेटं बोटांना आठवत होती. सहाव्यावर अ‍ॅलन घाबरला की जीभ बाहेर काढायचा तशी त्यानं काढली, आणि मितेश त्याच्यावर खेकसला, "खाली घे, खाली! डोळे खंय ठेवलंस?" सातव्यावर एकदा मेले. परत. "तू बोटीर जावन काय करतलंस रे, तुका हेलिकॉप्टर सांभाळूक येयना?" परत मेले. नाना मागून म्हणाले, "त्या उजवीकडच्या डोंगराक फिरान जावा मरे, समोरसून कित्याक मरतास? वाऱ्याक तोंड देवन होडी घालतत काय कोण?"

अ‍ॅलननं डोंगराला वळसा घातला. मागच्या बाजूला एकही तोफ नव्हती. सातवं बेट खाली गेलं आणि पडद्यावर आठवं आलं. रिकामा समुद्र, एक छोटा धक्का, बाजूला माड.

दोघंही बोटं उचलून बघत बसले. अंगणातून मृदंग उतरवल्याचा आवाज आला.

"झाला. बुवा इले. आवरा आता," नाना म्हणाले. मग घसा खाकरून, "पुढच्या चवथीक पण हो डबो लावया. चक्र बरा फिरता. मधी बटण बंद करूचा लागला तरी चलात, मी आसंय."

मितेशनं गेम तिथंच साठवला. प्लग काढल्यावर चक्र परत धापा टाकायला लागलं, तेव्हा त्यानं एक जुना गाडीचा बल्ब पाच व्होल्टच्या तारांना जोडून दिला, ओझ्यापुरता. नानांनी काडी फेकून दिली. आभार वगैरे कोणी मानले नाहीत, आणि माफीही कोणी मागितली नाही. पेटी अजून गणपतीच्या मागंच होती.

फाटकापर्यंत तो अ‍ॅलनबरोबर गेला. आत भजन सुरू झालं होतं.

"अजून रागावलंस?" अ‍ॅलननं विचारलं.

"व्हय."

"नानार?"

"तुझ्यार."

अ‍ॅलननं मान हलवली. "खारो वारो लागलो तर परत सगळा हिरवा होतला, मितेश. बंद पडान रवला की मरता ता."

"माका शिकवू नको." मितेश फाटकाची कडी वर-खाली करत राहिला. मग त्याच्याकडे न बघता म्हणाला, "देव गेलो की पेटी परत बसवतलंय. दर शनिवारी चालू करतलंय. विनाग्र तुझ्या आवशीकडे मागून आणतलंय. पण आठव्या बेटार तू परत येयपर्यंत जावचंय नाय. एकट्यान नाय, दुसऱ्या कोणाक घेवन पण नाय. तुझ्या बाजूच्या कळांका कोणाक हात लावूक देवचंय नाय. सांगून ठेवतंय तुका."