बोट आधी उचला

माझी बायको रुखमा जाऊन रविवारी वर्ष होणार होतं. बुद्धविहारात पुण्यानुमोदन ठेवलं होतं आणि तिथे मला गिटार वाजवायची होती. मी त्रेपन्न वर्षांचा, भूमिगत कोळसा खाणीतला कामगार. चार महिन्यांपूर्वीपर्यंत गिटारला हातही लावला नव्हता.

गिटार तिची. ती विहारातल्या बायकांसोबत भीमगीतं म्हणायची. राजुऱ्यात आरिफचं वाद्यदुरुस्तीचं दुकान आहे. तिथून तिने ही जुनी गिटार आणली आणि तीन महिने त्याच्याकडेच शिकली. मग ताप डोक्यात गेला आणि आठ दिवसांत ती संपली.

तिच्या मोबाइलमध्ये एक गाणं राहिलं आहे. नंतर त्यावर वाजवून सराव करता यावा म्हणून तिने ते नुसतं म्हणून ठेवलं होतं. शेवटच्या दोन ओळी उरल्या असताना त्यात माझा आवाज येतो. "बस कर नं रुखमा, मले फर्स्ट शिफ्ट हाये." ती थांबते. पुढे काही नाही.

मला त्या जागेच्या पुढे वाजवायचं होतं. त्या दोन ओळी विहारातल्या बायकांना येतात, त्या म्हणतील. पण तिथे माझा हात थांबला तर गाणं पुन्हा माझ्यामुळेच बंद पडणार होतं.

आरिफने सगळं नीट सांगितलं होतं. "रोज पंधरा मिनिटं, श्रीहरीभाऊ. सुट्टीच्या दिवशी तीन तास बसून काई होत नाई. नखं कापा. बोट पट्टीच्या जवळ ठेवा अन् हलकं दाबा, खाणीत खांब ठोकून नाई राह्यले तुमी. अन् गिटार खुंटीवर टांगा. झाकून ठेवली का हात जात नाई."

गिटार टांगली. पण दारं-खिडक्या लावूनच वाजवायचो, कारण शेजारी ऐकत असतील असं वाटायचं. आठ तास जमिनीखाली, मग वर येऊन पुन्हा बंद खोलीत. गाण्यात दोनच कॉर्ड, म्हणजे बोटांच्या दोनच ठेवणी, जी आणि सी. जी कॉर्डवरून सीवर जाताना मला दरवेळी उशीर व्हायचा. तोपर्यंत रुखमा पुढे गेलेली असायची आणि मी तिथेच अडकलेला.

आरिफने मोबाइलमध्ये गाण्याचा वेग कमी करून दिला. तिचा आवाज जड झाला, शेवटच्या दिवसांत दवाखान्यात होता तसा. मी म्हटलं, "बंद कर."

"हळू शिकल्याशिवाय जमत नाई, भाऊ."

"मोबाइल नको. नुसतं वाजवतो हळू."

त्याने थोडा वेळ ऐकलं. हाताकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होता.

"तुमी श्वास काऊन रोखून धरता?"

मला ठाऊकच नव्हतं. त्याने पुन्हा वाजवायला लावलं, तेव्हा कळलं. शिफ्टच्या सुरुवातीला मी सगळ्यांच्या पुढे जातो. लोखंडी दांडा छताला ठोकायचा, श्वास धरायचा, आवाज पूर्ण संपू द्यायचा. भरीव आला तर पाऊल पुढे, पोकळ आला तर मागे. सव्वीस वर्षं हेच काम. गिटारवरही मी तेच करत होतो. सूर संपेपर्यंत बोट हलतच नव्हतं.

हे सांगितल्यावर आरिफ हसला. "इथी छत नाई पडत. सूर चालू असतानाच बोट उचला. एक, दोन, तीन, अन् चारले हात निघाला पायजे. चुकलं तरी थांबू नका, पुढच्या वळणावर गाठा तिले. तुमच्यापरीस भाभी बऱ्या होत्या, चुकल्या का मलेच रागवत."

समजलं होतं, पण हात ऐकेना. घाईने पाऊल टाकलेल्या दोघांना मी खाणीतून बाहेर काढलं आहे. हाताला ते आठवत असावं.

शनिवारी मुलगी संघप्रिया गडचिरोलीहून आली. ती तिथे नर्स आहे. तिने गाणं शेवटपर्यंत ऐकलं.

"बाबा, तुमचं बोलणं कापून टाकू? दोन मिनिटांचं काम हाये."

"नाई."

"सगळे ऐकतीन."

"ऐकू दे."

उठून तिने खिडकी उघडली आणि म्हणाली, "मंग वाजवा. मी चार मोजते."

रविवारी वंदना झाली. संघप्रियाने मोबाइल स्पीकरला जोडला. रुखमाचा आवाज विहारात भरला आणि पहिल्याच वळणावर मी मागे पडलो. हात चालू ठेवला. दुसऱ्या वळणावर गाठलं, तिसऱ्यावर पुन्हा सुटलं. पुढे बसलेल्या बायका माझ्या बोटांकडे बघत होत्या. घाम डोळ्यांत जात होता, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

ती जागा आली. संघप्रिया ओठांनी मोजत होती. एक, दोन, तीन. जी कॉर्डचा सूर अजून वाजत होता आणि मी बोटं उचलली. खाली काही नसल्यासारखं वाटलं.

"बस कर नं रुखमा, मले फर्स्ट शिफ्ट हाये."

माझा आवाज भिंतींवरून फिरला. कोणी मान वर केली नाही. रुखमा थांबली होती, पण बोटं सीवर पोहोचली होती आणि उजवा हात चालतच होता. आधी संघप्रियाने ओळ धरली, मग बायकांनी. दुसऱ्या ओळीला मी पुन्हा थोडा मागे पडलो. त्या जरा थांबल्या आणि मला सोबत घेतलं.

शेवटचा सूर मात्र मी पूर्ण संपू दिला.

सोमवारी मला फर्स्ट शिफ्ट होती. छताला दांडा ठोकला, श्वास धरला आणि आवाज संपायची वाट बघितली.