एक बशी संपल्यावर दुसरी

मंगळवारी सकाळी तो बंदरावर बोटीचा पंप दुरुस्तीला उघडून बसला होता. शेजारीण धावत आली आणि एवढंच म्हणाली, "भाऊजी, घरी चला." तो पोहोचला तेव्हा बायको ओट्याजवळ पडली होती आणि डॉक्टर बॅग बंद करत होते. त्याने आधी ग्रीसचे हात धुतले. का धुतले, ते त्याला आजही सांगता येत नाही.

सगळ्यांना त्याने स्वतः फोन केले. एक मात्र मुद्दाम केला नाही. आईच्या आजारपणात कुणी किती केलं यावरून धाकट्या भावाशी वाजलं होतं, त्याला अकरा वर्षं झाली.

सोळाव्या दिवशी समुद्राकाठच्या हॉटेलातून फोन आला. "बाईंनी महिन्यापूर्वी दोघांचं टेबल सांगून ठेवलंय. उद्या दुपारी एक वाजता. येताय ना?" त्याच्या तोंडून "नाही" निघेना. दोघं म्हणजे ती आणि आपण, असं धरून तो इस्त्रीचा शर्ट घालून एकटाच गेला.

टेबलाशी धाकटा बसला होता.

"डोळे वटारू नकोस, दादा. वहिनीने बोलावलं म्हणून तीन तास बसमध्ये हाडं खिळखिळी करून आलोय. म्हणाली, तुम्ही दोघंच जेवा, मी येणार नाही. आधी कोण बोललं तेवढं घरी आल्यावर सांगा."

याला माहीत नाही. तो खुर्ची ओढून बसला.

वाढणारी बाई हातभर टेबलाच्या मधोमध तळव्याएवढी बशी ठेवून गेली. त्यात दोन कोळंब्या. जाताना म्हणाली, "एक संपल्याशिवाय दुसरी आणायची नाही, असं बाईंनी बजावलंय. नऊ बशा आहेत."

"म्हणजे संध्याकाळपर्यंत सुटका नाही," धाकटा हसला. "घे. तुझी एक, माझी एक. भांडायला जागाच ठेवली नाही बघ."

"ती गेली रे."

"कुठे?"

त्याने मान खाली घातली. धाकट्याच्या हातातला काटा खाली पडला.

"कधी?"

"सतरा दिवस झाले."

"सतरा दिवस? आणि मी इथे तुझी थट्टा करत बसलोय? शाळेचा डबा तिने भरलाय माझा, दादा. एक फोन नाही झाला तुझ्याने?"

बाई दोनदा आली, भरली बशी बघून परत गेली. धाकटा आता उठून जाणार, असं त्याला वाटलं. पण तो उठला नाही. त्याने एक गार कोळंबी दादाच्या पुढ्यात सरकवली आणि दुसरी स्वतः तोंडात घातली. डोळे पुसले नाहीत. मग दुसरी बशी आली.

चार झाल्या. पाच राहिल्या.

घरी आल्यावर चपला काढता काढता त्याने "अगं" म्हणून हाक मारली आणि दारातच थांबला. आधी कोण बोललं, ते तिला सांगायचं राहिलं.