रुमालावरचं इंग्रजी

कचरूलालला इंग्रजी येत होतं. अर्ज लिहिण्यापुरतं, शाळेत घोटलेलं, व्याकरण सांभाळणारं. त्याची त्याला लाज वाटे. मुंबईत कापसाच्या बाजारात त्याचं एक सबंध निर्दोष वाक्य ऐकून दोन गोरे हसले होते. हसले ते त्यानं गिळलं. पण आपल्याला त्यांच्यासारखं हसतखेळत बोलता येत नाही, हे काही त्याला गिळवेना.

त्या साली एक विलायती कंपनी जालन्यात खरेदीला येणार होती. मुहूर्ताचा सौदा ज्याच्याशी पटेल, त्याच्याच दुकानाला हंगामभराची अडत, म्हणजे दलाली. एक अडत्या कचरूलाल, नाहीतर समोरच्या दुकानाचा जुगलकिशोर. साहेब दिवाळीनंतर येणार. जुगलकिशोरनं नवी ताडपत्री घेतली.

कचरूलालनं मास्तर ठेवला.

मास्तर म्हणजे भुजंग. औरंगाबादच्या छावणीत गोऱ्या अफसरांचे ग्लास भरायला होता. लिहिणं-वाचणं शून्य.

ओसरीवर, धडा

"आय से, ओल्ड चॅप," भुजंग म्हणाला.

"आय से, ओल्ड चॅप."

"असं न्हाई शेठ. तुम्ही मंत्र म्हणून राह्यले. अर्धं नाकात ठेवायचं."

"अर्थ काय याचा?"

"काय बी न्हाई. दोस्ता, गड्या, असं. साहेब लोक बोलतात तव्हा अर्थ नसतो. अर्थ असला की चिठ्ठी पाठवतात."

"आणि राइट-ओ?"

"ठीक हाय, पटलं. पण नुसतं तोंडानं न्हाई. संगं खांद्यावर थाप. थाप न्हाई तर राइट-ओ कच्चं."

कचरूलालनं थाप मारली. भुजंगच्या हातातली कचोरी खाली पडली.

आतून त्याची बायको सुगनबाई म्हणाली, "दुसरी मिळायची नाही. मास्तरला नाही आणि चॅपला पण नाही."

घरभर, धडा

मुनीमाला राइट-ओ. पाणक्याला राइट-ओ. आरती संपल्यावर देवळात पुजाऱ्याच्या खांद्यावर थाप. पुजारी पुन्हा आंघोळीला गेला.

मंडीत, धडा नाही

जालन्याच्या मंडीत कापसाचा भाव तोंडानं होत नसे. घेणारा आणि विकणारा रुमालाखाली हातात हात देत. बोटं दाबून भाव सांगायचा, बोटं दाबूनच घासाघीस, म्हणजे बघणाऱ्यांना काही कळू नये. पटलं की दोघांनी मिळून रुमाल उचलायचा. त्याआधी ज्यानं हात बाहेर काढला त्यानं सौदा मोडला. त्या मालावर त्याला परत हात घालता येत नाही, दुसरा अडत्या पुढं येतो. हे गाड्यांच्या बैलांनाही ठाऊक होतं.

साहेब आला. लाल मानेचा, खानदेशच्या मंड्यांमध्ये केस पिकलेला. वडीगोद्रीचा रामकिसन कापसाच्या गाड्या सोडून बसला होता. माल त्याचा, अडत्या कचरूलाल. सकाळची थंडी, सगळे घोंगड्यांत. रुमाल पडला.

वर: कचरूलाल म्हणाला, "आय से, डॅम हॉट, ओल्ड चॅप."

खाली: साहेबानं भाव दाबला. पडेल भाव.

वर: साहेबानं कोटाची कॉलर वर केली.

खाली: कचरूलालनं चढवला. त्याची बोटं हुशार होती. ती बापानं शिकवलेली, त्यांना इंग्रजी येत नव्हतं.

वर: "बाय जोव्ह."

खाली: साहेब चढला. कचरूलालनं आणखी मागितलं. साहेब थांबला, मग तेही दिलं. हवा होता तोच भाव. आता फक्त रुमाल उचलायचा.

वर: "राइट-ओ."

आणि थाप. साहेबाच्या खांद्यावर, उजव्या हातानं.

खाली: साहेबाचा एकट्याचा हात.

रामकिसननं तंबाखू थुंकली. "शेठ, हात काढला तुम्ही."

"पटलं होतं," कचरूलाल म्हणाला. मराठीत.

"मंग कामून काढला?"

साहेबानं खांद्याकडं पाहिलं, धूळ झटकावी तसा तो झटकला. रुमालाखालचा हात मात्र त्यानं हलवला नव्हता. "जुगलकिशोर शेठ, आइए," तो म्हणाला.

जुगलकिशोरनं बाही मागं सारली. हात रुमालाखाली गेला. थोड्या वेळानं दोघांनी रुमाल उचलला आणि रामकिसननं गाड्यांची तोंडं समोरच्या दुकानाकडं वळवली.

उठताना साहेब कचरूलालपाशी थांबला. "हार्ड लक, ओल्ड चॅप," तो म्हणाला आणि गेला.

घरी

"ओल्ड चॅप म्हणाला मला," कचरूलाल सांगत होता. पगडी काढायचीही त्याला आठवण नव्हती. "सगळ्या मंडीसमोर. अर्धं नाकात, भुजंग म्हणतो तस्सं."

सुगनबाई ताट वाढत होती. "आणि अडत?"

"अडत जुगलकिशोरला."

ती वाढायची थांबली.

"पण त्याला," कचरूलाल म्हणाला, "त्याला तो नुसता शेठ म्हणाला."