टाकीच्या तोंडावरचा दिवा

अर्धवट बांधलेल्या जहाजाच्या डेकवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. तळाच्या टाकीने गेल्या आठवड्यात दोन फिटर गिळले होते. आता ठेकेदाराने आणलेले महाराज तिच्या तोंडाशी मांडी ठोकून बसले होते.

महाराजांनी दोरीने दिवा खाली सोडला. तो विझला.

"भुकेली आहे," ते म्हणाले. "एकावर हिचं भागत नाही. जोडीनेच घेते."

मग डोळे फिरवून, घसा खरवडून त्यांनी झोळीतून काचेच्या हंडीतला दुसरा दिवा काढला. तो तळाला टेकला तरी तेवत राहिला, वर आला तरी तेवतच. माणसं पटापट पाया पडली.

"उतरा आता," ठेकेदार म्हणाला. "टाकीत हवा खेळवायच्या पंख्यांपायी दिवस घालवायला नको."

पहिला उतरणार होता वेल्डर, गोदीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरणीचा धाकटा भाऊ. त्या डॉक्टरणीने गर्दीतून घुसून त्याचा दंड धरला.

"ताई, चारचौघांत लाज काढू नकोस."

"लाजेचं नंतर बघू. तुझ्या तान्ह्या लेकीला मी काय सांगू, ते आधी सांग." ती वळली. "महाराज, तुम्हीच उतरा की. तुमचं ती ऐकते."

"आम्ही जमिनीखाली जात नाही. व्रत आहे."

"हे जहाज आहे, जमीन नव्हे."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यात तिने हंडीत हात घालून ज्योत चिमटीत धरली. बोटं भाजली नाहीत. बुडाशी बटण होतं. ते दाबताच ज्योत गेली.

"सेलवर चालतो," ती म्हणाली. "याला हवा लागत नाही, तुम्हाला लागते. खरं बोलला तो पहिला दिवा. बंद टाकीत लोखंड गंजतं आणि हवेतला ऑक्सिजन संपवतं. ना वास, ना धूर. माणूस उभ्या उभ्या कोसळतो."

"मग जोडीने का?" भावाने विचारलं.

"दुसरा पहिल्याला ओढून काढायला धावला म्हणून."

त्या दुसऱ्याला सगळे ओळखत होते. ठेकेदार "श्रद्धेचा अपमान" असं काहीतरी पुटपुटला. वेल्डर टाकीच्या तोंडावर आडवा बसला. "पंखा लावा, मीटरने हवा तपासा. तोवर इथून कोणी उतरणार नाही."

महाराज गुपचूप जहाजावरून उतरायच्या शिडीकडे सरकले होते.

टाकीला भूक नसते. ती भुकेली आहे असं कोणी सांगितलं, तर आतली हवा कोणी तपासली एवढंच विचारा. उत्तर मिळेपर्यंत आपल्या माणसाचा दंड सोडू नका.