डोके धरणारा

“यात उझिएल कुठाय?” एलिफास काहुइकाने विचारले.

छायाचित्रकार मार्लेनाबाईंनी संगणकाच्या पडद्यावर बोट टेकवले. मेलेल्या कुडू हरणाच्या कानामागे चार काळी बोटे दिसत होती. “हा काय. माझ्या पुस्तकाचं मुखपृष्ठ हेच.”

लहानपणी फाटकात चिरडलेल्या नखावरून एलिफासने भावाला ओळखले.

उत्तर नामिबियातल्या त्या शिकारफार्मवर दोघा भावांनी जन्म घालवला होता. पैसे मोजून जनावर मारणाऱ्याला तिथे पाहुणा म्हणत. गोळी पाहुण्याची, पुढचे सौंदर्यशास्त्र भावांचे. रक्त पुसायचे, लोंबणारी जीभ आत ढकलायची, तोंडात हिरवी डहाळी ठेवायची. आपल्या जर्मन पूर्वजांच्या या रिवाजाला मालक मृताचा सन्मान म्हणत. शेवटी उझिएल धडाआड आडवा होऊन डोके वर धरी आणि मेलेले जनावर क्षितिज न्याहाळत असल्यासारखे दिसे. फोटोत जो मुळीच दिसत नाही, तो उत्तम डोके धरणारा. उझिएल सर्वोत्तम होता. त्या एका कुडूच्या वेळीच काय ती बोटे घसरली होती.

गेल्या आठवड्यात एका पाहुण्याने ऑरिक्स हरण नुसतेच जखमी केले. काटेरी झुडपांत त्याच्यामागे उझिएलला धाडले गेले. भाल्यासारखे शिंग उझिएलच्या पोटातून आरपार गेले. ऑरिक्सचा फोटो मात्र ठरल्याप्रमाणे निघाला. पाहुण्याला विमान गाठायचे होते. डोके एलिफासने धरले.

आता शवपेटीवर ठेवायला फोटो हवा होता. फार्मवर कॅमेरे फक्त पाहुण्यांकडे आणि बाईंकडे असत, आणि ओळखपत्रावरचा चेहरा घामाने कधीच पुसला होता. आई म्हणाली होती, “शिंगं घेऊन जन्मला असता तर कुणाच्या भिंतीवर तरी असता. माझा लेक तोंड लपवून मातीत जायचा नाही, सांगून ठेवते.”

मार्लेनाबाईंचे पुस्तक या सगळ्या व्यवहाराच्या विरोधात होते. कष्टकऱ्यांचे अदृश्य असणे हाच त्यांचा सिद्धान्त. आणि तो त्यांनी इतक्या निष्ठेने मांडला होता की हंगामभराच्या फोटोंत उझिएलचा चेहरा त्यांच्यापाशीही नव्हता.

“मग आता काढा,” एलिफास म्हणाला.

मृत माणसाचा फोटो काढणे आपल्या तत्त्वात बसत नाही, असे बाईंनी हळुवारपणे समजावले. त्याने ऐकून घेतले.

“हरणांचे काढलेत की, बाई.”

दफनाच्या सकाळी शव घरी आले. एलिफासने भावाचे तोंड धुतले, जीभ सारखी केली, स्वतःचा चर्चचा कोट त्याला चढवला. सवयीने नजर हिरव्या डहाळीसाठी भिरभिरली. ती त्याने आवरली. उझिएलला खुर्चीत बसवले, मागे घोंगडी टांगली आणि तो तिच्याआड गुडघ्यांवर बसला.

“बरोबर आहे?” आतून त्याने विचारले.

“थोडं वर,” कॅमेऱ्यामागून बाई म्हणाल्या. “आता डावीकडे. हलू नकोस.”

आई दारात उभी होती. 

बाईंनी फोटो छापून, चौकटीत बसवून आणला. शवपेटीवर उझिएल अखंड दिसत होता, कोटात, क्षितिज न्याहाळत. कानामागे चार बोटे दिसत होती. त्या कामात एलिफास भावाइतका तरबेज कधीच नव्हता.