खालची ओळ

"हे पुस ना, रोहे." नाथानं बहिणीच्या कॉम्प्युटरवर बोट टेकवलं. "लोक हसतील. आपला बाप येडा होता का?"

पाटोद्यातल्या फ्लेक्सच्या दुकानात रोहिणी कित्येक वर्षं वाढदिवस, निवडी आणि मयती टाइप करत होती. तिथे मेलेला प्रत्येक माणूस मनमिळाऊ असे आणि काळानं त्याच्यावर न चुकता घाला घातलेला असे. कुणी आईचा फोटो घेऊन आलं की ती विचारी, "त्या कशा होत्या, सांगा की. मी लिहिते." गिऱ्हाईक गोंधळून म्हणे, "सगळे टाकतात तेच टाका."

या वेळी बाप तिचा होता. धुळाजीच्या फेट्यातल्या फोटोखाली तिनं लिहिलं होतं: 'आबा माणसांशी थोडं बोलले. मेंढरांशी खूप बोलले. ते आम्ही लपून ऐकत आलो.'

लिहिण्याचं वेड तिला शाळेपासूनचं. घरात वाचता कुणालाच येत नव्हतं, नाथाला येत असून नसल्यासारखं. म्हणून जेवताना ती फोनवर लिहिलेलं आबाला वाचून दाखवी. आबा नुसता ऐके, हात धुई आणि मेंढरांकडे निघून जाई. एकदा ती पाण्याची बादली घेऊन मागोमाग गेली, तर आबा एका मेंढीला सांगत होता, "आमची रोही काय लिवती, ठावं हाय का?" आणि पुढे तिचं सगळं लिहिलेलं आपल्या शब्दांत, पहिल्यापासून. रोहिणी बादलीसकट परत फिरली. एवढा आनंद तिला पुन्हा कधी झाला नाही.

"दहाव्याला विजयसिंहराव येणार हायेत," नाथा काकुळतीला आला. "त्यांच्या संस्थेत शिपायाची जागा हाय. त्यांचा फोटू मोठा घे, बाकी नेहमीचं टाक."

तिनं साहेबांना मोठं केलं. नाथाचंही चुकत नव्हतं, मेंढरांमागं हिंडून त्याचा जीव मेटाकुटीला आला होता. पण ओळी पुसायला हात धजेना. तो गेल्यावर तिनं त्या तळाला बारीक अक्षरांत घेतल्या आणि फ्लेक्स छापायला सोडला.

दहाव्याला ती बायकांत जाऊन बसली आणि तिनं वर पाहिलं. नाथानं खालची वीतभर पट्टी आत दुमडून फ्लेक्सची दुमडलेली टोकं मांडवाच्या दोन खांबांना करकचून बांधली होती. साहेब दिसत होते, आबाही दिसत होता. रोहिणीला जन्मात एक ओळ चारचौघांत लावायची होती, तीही बापासाठी, आणि भावानंच तिची घडी घातली.

विजयसिंहराव बोलायला उठले. "धुळाजी म्हणजे मनमिळाऊ माणूस. आल्यागेल्याशी तासन्‌तास गप्पा मारणार." माना डोलल्या.

कडूबाईनं लेकीला कोपरानं ढोसलं. "हे कुणाबद्दल बोलायलेत गं?"

"आबाबद्दल."

"आन् त्या कापडावर काय हाय? तू लिवलंस न्हवं? वाच."

रोहिणीनं नाव वाचलं, तारीख वाचली, साहेबांचं पद वाचलं.

"हे तर कुणीबी लिवलं असतं. तुझं काय हाय त्यात?"

"माझं आत दुमडलंय, माय," रोहिणी म्हणाली आणि तिनं आईच्या कानाशी वाकून त्या ओळी सांगितल्या.

कडूबाई म्हणाली, "मी बी आयकायची. भिताडाआडून. माझ्यासंगं कवाच तेवढं बोलला न्हाई."

गुडघ्यावर हात टेकून ती उठली आणि पुरुषांच्या बैठकीतून सरळ खांबाकडे गेली.

"नाथा, ही गाठ सोड."

"माय, साहेब बोलायलेत. बस खाली."

ती बसली नाही. साहेबांचं वाक्य अर्ध्यात अडकलं. गाठ उंचावर होती, कडूबाईचा हात पोचत नव्हता. टाचा उचलून, खांबाला धरून ती चाचपतच राहिली. मांडवातलं कुणी हललं नाही.

रोहिणी उठली आणि दुसऱ्या खांबाकडे निघाली.