हं म्हणणारं माणूस

लॅपटॉपवर आनंदराव खोपडे मास्तरांचं तोंड हलत होतं आणि मास्तर स्वतः शेजारी बसून चहा पीत होते. तोंड त्यांचंच होतं, पण मिशी कुणीतरी पट्टी लावून आखल्यासारखी. रंग चांगला उजळलेला. आवाज मात्र एसटी स्टँडवर गाडी फलाटाला लागल्याचं सांगणाऱ्या माणसाचा. ते तोंड सर्व शिक्षक बंधुभगिनींचं हार्दिक स्वागत करत होतं आणि मधूनच, काही कारण नसताना, गोड हसत होतं.

शेजारच्या भामाबाई मोबाईल चार्जिंगला लावायला आल्या होत्या. त्यांच्या घरातलं बटण कधीचं जळालं होतं आणि वायरमन 'उद्या येतो' म्हणून गेला तो गेलाच. त्या पदर सावरून लॅपटॉपपुढं उभ्या राहिल्या.

"ह्यो कोण? तुमचा भाऊ का?"

"मीच आहे."

"तुमी न्हाई. ह्यो लई शाना दिसतोय."

मास्तरांनी लॅपटॉप मिटला.

भानगड अशी होती. डोंगरातल्या शाळांवर बाहेरच्या जिल्ह्यांतून नवे शिक्षक येत. चांगली पोरं-पोरी, शिकलेली. पण इथलं मूल 'म्या न्हाई जानार' म्हणालं की त्यांना वाटे, ते उद्धट तरी आहे नाहीतर अडाणी तरी. त्यांच्यासाठी मुलांच्या बोलीवर एक ऑनलाइन कोर्स करायचं ठरलं. चार पाठ. पासलीच्या शाळेत मास्तरांची अर्धी नोकरी गेलेली, तेव्हा बोलणार कोण, तर खोपडे मास्तर. आणि मोबाईल-कॉम्प्युटरचं सगळं बघणार भोरच्या शेफाली मॅडम. वयानं मास्तरांच्या मुलीसारख्या, पण मशीनच्या बाबतीत मास्तरांच्या आजीसारख्या, म्हणजे सगळं माहीत आणि चूक काढायला तयार.

मास्तर हो म्हणाले त्याला कारण होतं. गेल्या वर्षी त्यांची बायको, सुलक्षणा, वारली. तेव्हापासून वर्गात काही जमत नव्हतं. धडा तोच, फळा तोच, मास्तर तेच. पण तोंडातून शब्द निघे तो भिजलेल्या फटाक्यासारखा. पोरं बिचारी गप्प बसत. मास्तर मग गणितं घालून देत आणि खिडकीतून बाहेर बघत. लोक म्हणत, मन रमवा. एकानं तर त्यांना हार्मोनियम शिकायला सांगितलं होतं. मास्तरांनी मनाशी ठरवलं, हा कोर्स जमला तर आपण अजून मास्तर आहोत. नाही जमला तर सरळ स्वेच्छानिवृत्ती घ्यायची, भोरला भावाकडं जाऊन राहायचं आणि टीव्हीला शिव्या देत उरलेलं आयुष्य काढायचं. हे त्यांनी वेल्ह्याच्या बाजारात चहा पिताना शेफाली मॅडमना सांगूनही टाकलं. त्या म्हणाल्या, मग जमवूच सर, आणि तिथल्या तिथं मास्तरांच्या मोबाईलमध्ये आणि लॅपटॉपमध्ये तऱ्हेतऱ्हेची ॲप घालून दिली.

पहिलं ॲप डोळ्यांपुढं मजकूर सरकवायचं. आपण फक्त वाचायचं. मास्तर सुटलेल्या एसटीमागं धावावं तसे त्या मजकुरामागं धावले. मध्ये एक शिंक आली. शिंकून डोळे उघडेपर्यंत प्रस्तावना संपून समारोप चालू झाला होता.

दुसरं ॲप आपोआप शब्द लिहून काढायचं. मास्तर म्हणाले, "मूल म्हणतं, म्या गेलो." खाली अक्षरं उमटली, 'मूल म्हणतं, म्याव गेलो.' पुढं पाठभर जिथं जिथं 'म्या' आलं तिथं तिथं मांजर आलं.

तिसरं ॲप आपलं लिखाण स्वतःच वाचून दाखवायचं, तेच ते उजळलेलं तोंड लावून. त्यानं आमी, तुमी, न्हाई, सगळं सुधारून आम्ही, तुम्ही, नाही केलं. बोलीवरचा पाठ, आणि त्यात बोलीच नाही. म्हशीवर निबंध लिहायचा आणि म्हैस खोडून टाकायची, तसं.

चौथ्या ॲपला सांगितलं की ते चित्र काढून द्यायचं. मास्तरांनी हौसेनं लिहिलं, 'शेतकरी दाढ भाजतो.' आता इथं दाढ म्हणजे भाताची रोपं वाढवायची जागा. पेरणीआधी तिच्यावर शेण, पालापाचोळा पसरून पेटवतात, ती दाढभाजणी. पासलीच्या पोराला विचारा, झोपेत सांगेल. मशीननं विचार केला आणि चित्र दिलं. फेटा बांधलेला एक शेतकरी दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत आ करून बसलाय, आणि तोंडातून धूर निघतोय.

भोरला शेफाली मॅडमनी ते बघितलं आणि त्यांना खाली बसावं लागलं. डोळे पुसून त्या म्हणाल्या, "राहू द्या सर हे सगळं. तुम्ही सरळ मोबाईलपुढं बसा आणि वर्गात बोलता तसं बोला."

"वर्गात तरी कुठं बोलतोय," मास्तर म्हणाले.

"मग आधी कसं बोलायचात?"

मास्तर गाडीला किक मारून निघाले. पण घरापर्यंत तो प्रश्न मागच्या सीटवर बसून आला.

आधी असं व्हायचं की प्रत्येक धडा पहिल्यांदा घरी व्हायचा. संध्याकाळी सुलक्षणा तांदूळ निवडत असायची, नाहीतर भाजी. मास्तर पाटावर बसून तिला उद्याचा धडा सांगायचे. इकडं कुणी काही सांगायला लागलं की ऐकणाऱ्यानं हं म्हणायचं असतं. नाही म्हटलं तर सांगणारा थांबतो आणि विचारतो, ऐकताय का झोपला. सुलक्षणा हं म्हणायची, पण तिचे हं वेगवेगळे होते. एक कळल्याचा. एक नुसता पुढं ढकलायचा. एक संशयाचा, तो आला की मास्तर वाक्य बदलून परत सांगायचे. आणि एक लांबलचक, त्याचा अर्थ पुरे आता, जेवायला उठा. ती कौतुक कधी करायची नाही. वनस्पती आपलं अन्न कसं तयार करतात या धड्याला ती सूप मांडीवर घेऊन चक्क घोरली होती. मास्तरांनी तो धडा मोडून नव्यानं बांधला, आणि मग पोरांना तो आवडला.

आता धडा घरी होत नव्हता. कच्चाच वर्गात जात होता. आणि मोबाईलचा काचेचा डोळा तर बघायचा नुसता. हं म्हणायचं त्याच्या बापाला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भामाबाई चार्जिंगला आल्या, तेव्हा मास्तरांनी त्यांना खुर्ची दिली आणि विनंती केली की मोबाईल भरेपर्यंत समोर बसा आणि मी बोललो की हं म्हणा.

"नुस्तं हं?"

"नुसतं हं."

"आन् पटलं न्हाई तर?"

"तरीबी हं."

हे भामाबाईंना फारसं रुचलं नाही, पण त्या बसल्या. मास्तरांनी रेकॉर्डिंग चालू केलं. भामाबाईंचा हं म्हणजे आडदांड काम. वाक्य अर्धं झालं की यायचा, नाहीतर संपून शांत झाल्यावर. मध्येच त्या म्हणायच्या, "ह्ये तर सगळ्यास्नी म्हाईत हाय." एकदा पाठ थांबवून त्यांनी मास्तरांना विचारलं की खालच्या आळीचा गेनबा लग्नाचं कधी बघणार आहे. पण मास्तर बोलले. पुष्कळ दिवसांनी त्यांच्या हातांनाही बोलताना काहीतरी करावंसं वाटलं. तीन पाठ असे पार पडले.

शेफाली मॅडमनी पहिला पाठ साफसूफ करून पाठवला. त्यांच्याकडच्या मशीननं सगळ्या रिकाम्या जागा कापल्या होत्या, भामाबाईंना मुळासकट काढलं होतं, आणि पाठ निम्म्यावर आणला होता. मास्तरांनी ऐकला. मागं कुत्रं लागलेला माणूस बोलीभाषेचं महत्त्व सांगत पळत होता.

त्यांनी फोन केला. मॅडम म्हणाल्या, "नियम आहे सर. मागचा आवाज चालत नाही."

"तो मागचा नाही. समोरचा आहे."

मॅडम म्हणाल्या की बघते. मग त्यांनी स्वतः परत ऐकला, आणि गेनबाच्या लग्नाचा भाग तेवढा काढून बाकी सगळं जागच्या जागी ठेवलं.

राहिला चौथा पाठ, शेवटचा. विषय होता, मूल वर्गात गप्प का बसतं. तो संध्याकाळपर्यंत द्यायचा होता आणि भामाबाई लेकीकडं सारोळ्याला निघून गेल्या होत्या. लेकीच्या पोराचं बारसं होतं. मास्तरांनी फोन लावून बघितला, फोनवरून तरी हं म्हणा म्हणून. तिकडं हायवेवरून ट्रक चालले होते आणि भामाबाईंना लेकीच्या सासूबद्दल बरंच सांगायचं होतं. हं मास्तरांनाच म्हणावं लागलं. त्यांनी फोन ठेवला.

मग त्यांनी भिंतीवरचा सुलक्षणेचा फोटो काढून समोर खुर्चीवर ठेवला. फोटो भोरच्या स्टुडिओतला होता. फोटोवाल्यानं हसा म्हटलं म्हणून ती हसली होती, तेही दुसऱ्याच्या बायकोसारखं. अशी ती घरात कधी दिसली नव्हती. मास्तर बराच वेळ बघत राहिले. या बाईला धडा सांगणं शक्य नव्हतं. त्यांनी फोटो परत टांगला, खुर्ची तशीच ठेवली, आणि मोबाईल चालू केला.

"गप्प बसणारं मूल लाजाळू असतं," ते म्हणाले.

आणि सवयीनं थांबले.

खोलीत काही आवाज नव्हता. बाहेर कुठंतरी टेम्पो मागं घेत होते. पण या वाक्यावर कुठला हं पडला असता ते मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. संशयाचा. नाकातला, आखूड. त्यांनी तो स्वतःच काढून बघितला. "हं."

तोंडातून तो असा हुबेहूब बाहेर पडला की ते जरा दचकले. दाराकडं बघितलं, कुणी नव्हतं. मग म्हणाले, "म्हणजे आपल्याला तसं वाटतं. खरं तर त्याचं बोलणं कुणीतरी आधी दुरुस्त केलेलं असतं. दोनदा दुरुस्त केलं की ते तिसऱ्यांदा बोलत नाही."

"हं." हा कळल्याचा.

पुढं ते अडखळले नाहीत. एक वाक्य आपलं, एक हं तिचा. दोन ठिकाणी तिनं अडवलं तेव्हा त्यांनी उदाहरण बदललं. एका ठिकाणी त्यांना मोठा शब्द वापरायचा होता, पण तिचं तोंड कसं होईल ते आठवून त्यांनी तो गिळला. पाठ संपला. शेवटी तो लांबलचक हंसुद्धा झाला. मास्तरांनी मोबाईल बंद केला, कालची आमटी गरम केली आणि दुपारीच पोटभर जेवले.

पाठ पाठवून दिल्यावर दिवेलागणीला शेफाली मॅडमचा फोन आला.

"सर, भामाआजी आल्या का परत?"

"नाही. का?"

"मशीन दोन माणसं दाखवतंय. वक्ता एक, वक्ता दोन. दोन नंबरचं नाव टाकल्याशिवाय पुढं जाऊ देत नाही. कोण होतं?"

मास्तर घसा खाकरून म्हणाले, "आमची मंडळी."

सुलक्षणेच्या दहाव्याला मॅडम स्वतः आल्या होत्या. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "काढू का सर?"

"काही चुकलंय का तिचं?"

"नाही. म्हणजे…" मॅडम चाचरल्या. "सुरुवातीला त्या हं म्हणतात आणि तुम्ही वाक्य फिरवता ना, ती जागा सगळ्या कोर्समध्ये चांगली झाली आहे."

"ते तिचं नेहमीचं आहे."

"मग नाव लिहिते. सुलक्षणा आनंदराव खोपडे. पुढं काम विचारतंय. शिक्षिका लिहू?"

"नको. तिला राग येईल. ऐकणारी लिहा."

पलीकडं टाइप केल्याचा आवाज आला. मास्तरांनी तो होऊ दिला. मग म्हणाले, "मॅडम, ते निवृत्तीचं मी तुमच्यापाशी बोललो होतो. कुणाला सांगितलं नाहीत ना?"

"आमच्या शाळेतल्या माधुरी मॅडमना तेवढं सांगितलं सर."

"म्हणजे तालुक्याला कळलं."

"हो, बहुतेक."

"मग आता त्यांनाच सांगा," मास्तर म्हणाले, "की निवृत्तीचं मी नाही, मशीनमधलं ते उजळलेलं तोंड बोललं होतं."